बाबांच्या बीएमडब्ल्यूचे ब्रेक: कामाच्या नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४

काल संध्याकाळी खरांगण्याहून आर्वीकडे येत होतो. तुरीच्या वावरातून एक रोही (नीलगाय) सरळ रस्त्यावर आलं. वेग पन्नासच्या आत होता म्हणून निभावलं. पेडलवर पाय दिला तर पेडल दगड. सीटला पाठ टेकवून सगळा जोर लावला तेव्हा गाडी थांबली. रोही निघून गेलं, माझे पाय मात्र घरी येईपर्यंत थरथरत होते. बाबा शेजारी बसले होते. फाटकाशी उतरताना म्हणाले, "चाबी मले दे. हे दुरुस्त झाल्याबिगर गाडी भाईर निंगनार नाई." चावी त्यांनी देवघरातल्या खिळ्याला अडकवून ठेवली आहे.

गाडी १९८४ ची बीएमडब्ल्यू ५२८-आय. या बांध्याला ई-२८ म्हणतात. सहा सिलिंडर, २७८८ सीसी, १८४ अश्वशक्ती. आमच्याकडे रस्त्यावर अँबॅसेडर आणि पद्मिनी दिसायच्या तेव्हाची ही गाडी. परदेशी वकिलातींच्या वापरलेल्या मोटारी त्या काळी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. बाबा ज्या जिनिंगवर ड्रायव्हर होते, तिथल्या शेठजींनी ती तशीच दिल्लीहून आणली. बाबांनी ती वीस वर्षं चालवली, पुसली, जपली. जिनिंग बंद पडली, शेठजींची मुलं नागपूरला गेली आणि गाडी आमच्या गोठ्याशेजारच्या शेडमध्ये आली. कागदही बाबांच्या नावावर झाले.

माझं काम ट्रॅक्टर आणि पंप दुरुस्तीचं. हायड्रॉलिक मला नवीन नाही, पण ब्रेक म्हणजे नांगर उचलणं नव्हे. म्हणून जे करीन ते तारीख घालून लिहीन असं ठरवलं आहे.

आधी रचना लिहून ठेवतो, कारण बहुतेक गाड्यांपेक्षा ही वेगळी आहे. आपल्या नेहमीच्या गाडीत पेडलच्या पुढे, पायाच्या जोराला मदत करणारा, तव्यासारखा गोल व्हॅक्युम बूस्टर असतो. इंजिन एका बाजूची हवा ओढून घेतं आणि दुसऱ्या बाजूने वातावरणाचा दाब पडदा ढकलतो. हा दाब चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या आसपास, त्याहून जास्त मिळणारच नाही. म्हणून तवा मोठा लागतो. या गाडीत हवेऐवजी तेल आहे. पट्ट्यावर फिरणारा पावर स्टिअरिंगचा पंप तेल दाबतो. तेच तेल स्टिअरिंगला जातं आणि तेच ब्रेकच्या बूस्टरलाही. तेलाचा दाब हवेच्या कित्येक पट, म्हणून बूस्टर मुठीएवढा पुरतो. मध्ये दाब सांभाळणारा एक रेग्युलेटर आणि त्याला जोडलेला लोखंडी गोळा, म्हणजे ॲक्युम्युलेटर. त्यात रबरी पडदा, पडद्याच्या एका बाजूला कायमचा भरलेला नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला तेल. तेल आत शिरलं की वायू दबतो आणि स्प्रिंगसारखा ताकद साठवतो. इंजिन मध्येच बंद पडलं तरी काही वेळा ब्रेक हलका लागावा, त्यासाठी हा साठा. या गाड्यांवर काम करणारे त्याला बॉम्ब म्हणतात.

बूस्टरचा मदतीचा दाब संपला तरी पेडलचा दांडा मास्टर सिलिंडरला, म्हणजे चाकांकडे ब्रेक ऑइल दाबून पाठवणाऱ्या नळकांड्याला, सरळ ढकलतो. काल गाडी थांबली ती त्यामुळे.

१८ नोव्हेंबर

चावी मागून घेतली, फक्त शेडमध्ये चालू करायला.

पहिली चाचणी. इंजिन पाच मिनिटं चालवून बंद केलं आणि पेडल दाबत गेलो. बॉम्ब चांगला असेल तर दहा-बारा वेळा तरी पेडल मऊ जायला हवं. इथे दोनदा गेलं, तिसऱ्याला दगड.

दुसरी चाचणी. पेडल कडक झाल्यावर पाय तसाच दाबून धरला आणि इंजिन चालू केलं. मदत मिळत असेल तर पेडल पायाखाली थोडं खाली बसतं. बसलं, पण उशिरा, आणि पायाला थरथर लागली.

तिसरी गोष्ट बाबांनी दाखवली. इंजिन मंद चालू असताना त्यांनी स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवून धरलं. डॅशबोर्डवरचा ब्रेकचा लाल दिवा लुकलुकला. पंप तेवढ्या वेळात दोघांना पुरत नाही आणि मागे साठाही नाही. बाबा म्हणाले, "हा दिवा मागच्या उन्हाळ्यापासून असा करून रायला. मले वाटलं वायरिंग असंल." पट्टा तपासला. ताण बरोबर, घसरत नाही, पंपाचा आवाजही साफ.

खाली वाकून टॉर्च मारली तर मास्टर सिलिंडर आणि बूस्टरच्या सांध्यावर ओल. ती कशाची, यावर पुढचं सगळं अवलंबून होतं. ब्रेक ऑइल असेल तर मास्टर सिलिंडरचं मागचं सील गेलं. स्टिअरिंगचं तेल असेल तर बूस्टरचं पुढचं सील गेलं. दोन्हीवर वर्षांची धूळ चढली की रंगावरून कळत नाही. स्टीलच्या पेल्यात पाणी घेतलं आणि बोटाने पुसलेले दोन थेंब त्यात सोडले. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं. हे थेंब तवंग होऊन वर तरंगले. म्हणजे स्टिअरिंगचं तेल, बूस्टरचं सील.

त्याबरोबर एक भीती होती ती पण तपासली. दोन तेलांची सरमिसळ झाली असती तर काम चौपट झालं असतं. ब्रेकची सीलं ज्या रबराची असतात ते रबर खनिज तेलात फुगतं, आणि स्टिअरिंगची सीलं ब्रेक ऑइलमध्ये खराब होतात. एक कपभर चुकीचं तेल पडलं तरी मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंतचं सगळं रबर फेकावं लागतं. ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडून त्याखालचं रबर पाहिलं. ते फुगून वेडंवाकडं झालं असतं तर समजायचं की तेल आत गेलं. रबर सपाट आणि घट्ट निघालं. मी शेडमध्ये एकटाच होतो, तरी मोठ्याने "वाचलो" म्हणालो.

निदान: बॉम्बमधला वायू गेलेला, बूस्टरचं सील गळकं. वायू रबरातून वर्षानुवर्षं झिरपत जातो, चाळीस वर्षांत जाणारच.

२० नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान. सगळी दुकानं बंद. बाबांना शाळेपर्यंत मोटारसायकलवर नेलं.

२३ नोव्हेंबर

वर्ध्याला जाऊन ओळखीच्या मिस्त्रीला भेटलो. चांगला माणूस, हात साफ. तो म्हणाला, "भाऊ, कायले एवढा ताप घेता? सुमोचा व्हॅक्युम बूस्टर बसवून देतो. दोन दिवसात गाडी रोडवर."

रात्री यावर नीट विचार केला. पेट्रोल इंजिन आहे, व्हॅक्युम मिळतो, म्हणजे करताच येणार नाही असं नाही. पण पेडलचा तरफेचा हिशोब, मास्टर सिलिंडरचा व्यास, पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटला जाणारा जोर हे सगळं एकमेकांना धरून बसवलेलं असतं. एक बदललं की बाकीचं नव्याने मोजावं लागतं, आणि मोजायचं यंत्र ना माझ्याकडे आहे ना त्याच्याकडे. शिवाय तवा बसवायला जागा हवी. अमेरिकेत १९९६ साली मस्टँग जीटीत जुन्या व्ही-८ च्या जागी नवीन ४.६ लिटरचं रुंद इंजिन आलं, तेव्हा तव्याला जागा उरली नाही म्हणून फोर्डने स्टिअरिंगच्या तेलावर चालणारा बूस्टर घेतला. जागेसाठी लोक तेलाकडे गेले आणि आपण तेलावरून उलट तव्याकडे जायचं, हे मला पटत नाही.

शेतातल्या पंपाला मी मिळेल ते जोडतो. तो बंद पडला तर पाणी थांबतं. ब्रेकला तसं करणार नाही. बाबांना सांगितलं, मूळचेच भाग आणू. त्यांनी मान हलवली आणि तुरीला पाणी द्यायला गेले.

२ डिसेंबर

बॉम्ब नवीन मिळतो. बूस्टर नवीन मिळत नाही, पण जर्मनीत जुने उघडून सीलं बदलून विकणारे आहेत. भाचा स्टुटगार्टला शिकतो, नाताळच्या सुट्टीत येणार आहे. बूस्टर, मास्टर सिलिंडर, तांब्याच्या वायसरी आणि तेलाच्या टाकीची जाळी त्याच्या बॅगेत. बॉम्ब मात्र विमानात सामानासोबत आणता येत नाही, कारण आत दाबलेला वायू आहे. तो धोकादायक मालाच्या कागदांसकट वेगळा कार्गोने येईल. भाच्याला दोनदा बजावलं की दुकानदाराने काहीही म्हटलं तरी तो बॅगेत घालायचा नाही.

बूस्टर आपणच उघडावा असं मनात आलं होतं. आतला स्पूल, म्हणजे तेलाची वाट उघडणारा-मिटवणारा सरकता दांडा, आणि त्याचं भोक इतक्या बारीक फरकाने घासलेलं असतं की नखाएवढा ओरखडा पडला तरी दाब निसटतो. सीलं कुठे सुटी मिळत नाहीत. म्हणून नाही.

८ डिसेंबर

रविवार. आज सगळं उतरवलं, सकाळी आठ ते दिवेलागणी.

सर्वात आधी दाब काढला. इंजिन बंद, पेडल पंचवीस वेळा दाबलं, पूर्ण कडक होईपर्यंत. आमचा बॉम्ब मेलेला आहे हे माहीत होतं तरीही दाबलं. दाब शिल्लक असताना जोडणी ढिली केली तर तेलाची धार कातडीत घुसते. ट्रॅक्टरच्या नळीच्या बारीक छिद्रावर बोट ठेवणाऱ्या एका माणसाचा हात मी पाहिला आहे. ते पुन्हा पाहायचं नाही. दुकानातल्या पोरालाही आज हेच पहिल्यांदा शिकवलं, पाना नंतर दिला.

फेंडरवर जुनी गोधडी अंथरून वर प्लास्टिक टाकलं, कारण ब्रेक ऑइल रंगावर पडलं की रंग उचलतं. ब्रेकची डबी सिरिंजने रिकामी केली. प्रत्येक नळीला रंगीत धागा बांधला: पंपाकडून येणारी लाल, बूस्टरला जाणारी पिवळी, टाकीकडे परतणारी हिरवी. आईच्या शिवणाच्या डब्यातले धागे. फोटोही काढले, पण तेलकट हातांनी फोन पाहण्यापेक्षा धागा बरा.

मास्टर सिलिंडरच्या दोन नट्या सहज सुटल्या. ब्रेकच्या लोखंडी नळ्यांना उघडा पाना लावला असता तर कोपरे गेले असते, म्हणून नळीवर बसणारा फटीचा रिंग पाना लावला. बूस्टरच्या नट्या मात्र डॅशबोर्डखालून, पेडलच्या मागे. सीट मागे करून उताणा झोपलो, डोकं पेडलपाशी, पाय दाराबाहेर. चार नट्यांना दोन तास. पेडलच्या दांड्याची पिन काढताना तिची छोटी क्लिप उडाली आणि गालिच्याखाली गेली. पोराने चुंबकाने शोधून काढली. शाबास.

बूस्टर हातात आला तेव्हा पुढचं तोंड तेलाने चिकट, बाबांनी फडक्यात गुंडाळून घेतला. बॉम्ब रेग्युलेटरला गंजून चिकटला होता. गरम करायचा मोह टाळला. वायूच्या बंद भांड्याला आग लावायची नसते, मग ते रिकामं वाटत असलं तरी. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पान्यांनी फिरला.

आणखी एक नोंद. बूस्टरपासून टाकीकडे परतणारी नळी मूळची नाही. मागे कधीतरी शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये स्टिअरिंगचं काम झालं होतं, तेव्हाची असावी. बाहेरून ठीक दिसते, गळत नाही, क्लिप घट्ट. तशीच ठेवली.

१५ डिसेंबर

टाकी उघडली. तळाला काळा चिखल, जाळी बुजलेली. टाकी डिझेलने नाही, ताज्या तेलानेच दोनदा धुतली.

पंपाकडून रेग्युलेटरला येणारी दाबाची नळी टोकाशी पाझरत होती. वर्ध्याला जेसीबीच्या नळ्या दाबून देणाऱ्याकडे नेली. त्याने जुनी टोकं मापून तशीच बारीक मेट्रिक आट्यांची बसवली, आत तारेची जाळी असलेल्या नळीवर. माझ्या समोर दाबाच्या मशीनवर तपासून दिली. विदर्भात सुटे भाग मिळोत ना मिळोत, कोळशाच्या खाणी आणि रस्त्यांच्या कामांमुळे हायड्रॉलिक नळी उत्तम मिळते.

२८ डिसेंबर

भाचा आला, बॉम्ब परवाच नागपूरला पोचला होता. आज सगळं अंगणात खाटेवर मांडून जुन्याशी ताडून पाहिलं. आटे, माउंटिंगची भोकं, दांड्याची लांबी.

दांड्यावर वेळ घातला. बूस्टरमधून बाहेर येणारा दांडा मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला टेकायच्या आधी केसभर फट राहायला हवी. दांडा लांब पडला तर पिस्टन थोडासा पुढेच राहतो आणि तेल डबीत परतायचं बारीक भोक बंद होतं. मग चालता चालता तेल तापतं, फुगतं, जायला वाट नसते आणि ब्रेक आपोआप लागतो. व्हर्नियरने दोन्ही बाजू मापल्या. फट बरोबर आली. दुसऱ्यांदा बाबांनी मापलं, त्यांचंही तेच आलं.

भाच्याने बाबांसाठी तिथून चॉकलेट आणलं होतं. बाबा बॉम्ब हातात घेऊन बसले होते, "एवढासा, पन वजन पाय," म्हणत.

५ जानेवारी २०२५

बसवलं. उतरवण्यापेक्षा बसवणं सोपं गेलं, कारण नट्यांच्या जागा आता हातांना पाठ होत्या. तांब्याच्या सगळ्या वायसरी नव्या. बाबांची पद्धत जुनी वायसर लाल तापवून पाण्यात बुडवायची. त्याने तांबं पुन्हा मऊ होतं हे खरं आणि डिझेलच्या नळ्यांना मीही करतो, पण इथे नव्या होत्या तर नव्या लावल्या.

मास्टर सिलिंडर गाडीवर चढवण्याआधी शिकंज्यात धरून त्याची हवा काढली. मग गाडीवर चारही चाकांची. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे सर्वात लांब डावं मागचं चाक, तिथून सुरुवात. पोरगा आत, मी खाली. "दाब, धर, सोड," तासभर. डॉट-४ प्रतीच्या ब्रेक ऑइलच्या सीलबंद बाटल्या फोडल्या. उघडी राहिलेली बाटली हवेतलं पाणी शोषते. कोरडं असताना हे तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी धरल्यावर हा आकडा १५५ पर्यंत खाली येतो. घाटात याच फरकाने ब्रेक जातो.

स्टिअरिंगकडची टाकी लाल एटीएफने (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) भरली. पुढची चाकं उचलून घोड्यांवर ठेवली. इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवलं, मग चालू करून. फेस थांबेपर्यंत.

इथे एक चूक झाली, ती लिहून ठेवतो. इंजिन बंद करून टाकीची पातळी पाहिली, कमी वाटली, तेल वाढवलं. नंतर साठा तपासायला पेडल दाबत गेलो तसं टाकीतलं तेल वर चढत गेलं आणि झाकणातून बाहेर आलं. बॉम्बमध्ये साठलेलं तेल दाब उतरला की टाकीत परत येतं. म्हणजे पातळी पाहायची ती पेडल कडक होईपर्यंत दाबून झाल्यावर. ट्रॅक्टरमध्ये असा साठा नसतो म्हणून हातानं जुनी सवय वापरली.

पेडल मात्र लोण्यासारखं. लाल दिवा लगेच विझला. अंगणातून फाटकापर्यंत नेली आणि आणली.

परत येताना जाणवलं, गाडी ओढल्यासारखी चालते. उतरून चाकाला हात लावला तर गरम.

७ जानेवारी

दुकान लवकर बंद केलं. ब्रेक सुटत नाही. दोन रात्री नीट झोप नाही.

शंका पहिली, कॅलिपर (चाकाजवळची ब्रेक आवळणारी पकड) जाम. पण चारही एकदम कसे जाम होतील? आणि परवापर्यंत मोकळे होते. तरी चाकं उचलून पाहिली. पेडल दाबून सोडलं की चाक हाताने फिरत नाही. मिनिटभराने आपोआप मोकळं होतं. हे "मिनिटभराने" मी दहा वेळा घड्याळ लावून पाहिलं, कारण उत्तर त्यातच असणार असं वाटत होतं. जाम झालेला कॅलिपर मिनिटाने सुटत नाही.

शंका दुसरी, दांड्याची फट. चाक अडकलेलं असताना मास्टर सिलिंडरच्या दोन नट्या थोड्या ढिल्या केल्या. सिलिंडर जरासा पुढे सरकला आणि चाकं तत्काळ सुटली. म्हणजे कॅलिपर निर्दोष. मागून काहीतरी मास्टरच्या पिस्टनला ढकलून धरतंय. पुन्हा काढून फट मापली. बरोबर.

मग बाबांनी विचारलं, "बंद गाडीत नुस्त्या पायानं दाबलं तं सुटते का?" बॉम्ब पूर्ण रिकामा केला, पेडल दगड झालं, तसंच दोन पायांनी दाबलं आणि सोडलं. चाक लगेच मोकळं. इंजिन चालू केलं, दाब भरला, दाबलं, सोडलं. अडकलं.

रिकामा असताना सुटतो आणि तेलाने मदत केली की अडकतो. म्हणजे मदतीला आलेलं तेल काम झाल्यावर परत जात नाही. बूस्टरच्या पोटात राहतं आणि पिस्टनला ढकलत राहतं. मिनिटभरात कुठूनतरी झिरपून जातं तेव्हा चाक सुटतं. वाट एकच, हिरव्या धाग्याची नळी.

नळी काढून तोंडाने फुंकली. हवा जेमतेम जात होती. ब्लेडने उभी चिरली. आतला थर फुगून सुटलेला, भोक काडीएवढं उरलेलं. बाहेरची कातडी साबूत. बाबांनी बोटांत धरून पाहिली आणि ओळखली: फवारणीच्या पंपाची नळी. पाण्यात औषध कालवून फवारायला ती चांगलीच असते. गरम खनिज तेलासाठी ती बनवलेली नाही. ज्याने कुणी लावली त्याने माप जुळलं म्हणून लावली.

आधी ब्रेक का अडकत नव्हता तेही आता उलगडलं. बॉम्ब मेलेला, बूस्टर गळका, मदतीचं तेल आत येतच थोडं होतं आणि गळतीला वाट होती. एका बिघाडाने दुसरा झाकून ठेवला होता. नवीन भागांनी पूर्ण दाब दिला तेव्हा तो बाहेर आला.

८ डिसेंबरला ही नळी माझ्या हातात होती. मूळची नाही हे दिसलंही होतं.

१२ जानेवारी

वर्ध्याहून तेलाला चालणारी परतीची नळी आणली, बूस्टरची आणि स्टिअरिंगची, दोन्ही बदलल्या. नळीवर छापलेलं वाचून घेतली, दुकानदाराच्या शब्दावर नाही. टाकीतलं तेल पुन्हा बदललं, कारण फुगलेल्या रबराचा चुरा त्यात असणार. जाळीही पुन्हा धुतली. तिच्यावर काळे कण निघाले.

चाक उचलून: दाबलं, सोडलं, चाक फिरलं. वीस वेळा. इंजिन चालू, बंद, स्टिअरिंग वळवून. वीसही वेळा फिरलं. पोरगा प्रत्येक वेळी भिंतीवर खडूने रेघ मारत होता.

१४ जानेवारी

संक्रांत. काम नाही. आईने तिळगुळाचा एक लाडू गाडीच्या बॉनेटवर ठेवला.

१९ जानेवारी

गेला आठवडाभर रोज गावातल्या गावात चालवली. प्रत्येक फेरीनंतर सांध्याखाली पांढरा कागद ठेवला, कोरडा राहिला.

आज आर्वीहून तळेगाव आणि पुढे सत्याग्रही घाट. जाताना मी चालवली. घाट चढून वर गाडी लावली, चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला, उष्णता सारखी. चावी बाबांच्या हातात दिली. चार वर्षांपूर्वी गुडघ्याचं दुखणं वाढल्यापासून ते या सीटवर बसले नव्हते. पेडल दगड होत चाललं होतं तेव्हा ते "गुडघा चालत नाई" म्हणायचे. आम्ही सगळ्यांनी गुडघ्याला तेल लावलं, गाडीकडे कुणी पाहिलं नाही.

उतारावर ते बोलले नाहीत. पुढे कापसाने भरलेला ट्रक होता, वळणावर तो एकदम हळू झाला. बाबांनी नुसता पाय टेकवला. गाडी नाक किंचित खाली करून हळू झाली. ट्रक पुढे गेला. पुढच्या वळणावर पुन्हा तसंच. खाली आल्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली, उतरले, चाकाजवळ हात नेऊन बघितला आणि परत आत बसले. घरापर्यंत त्यांनीच चालवली.

शेडमध्ये लावल्यावर इंजिन बंद केलं आणि ते आतच बसून राहिले. पेडल दाबत होते, मोजत होते. मी बाहेर उभा. "सात. आठ." पोरगा खडू घेऊन आला. "अकरा. बारा." तेराव्याला पेडल जड झालं, चौदाव्याला कडक.

टाकीची पातळी तेव्हाच पाहिली. खुणेवर आहे.

राहिलेलं: डाव्या मागच्या कॅलिपरची हवा काढायची चाबी गंजली आहे, बदलायची. फेब्रुवारीत वर्ध्याला आरटीओकडे पासिंग. चावी परत देवघरातल्या खिळ्याला लावायला गेलो तर बाबांनी मागून घेतली आणि बंडीच्या खिशात टाकली.